हाक ऐकू येईल एवढी शांतता
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'निसर्गातली शांतता' या विषयावर बोला, असं कार्यवाहांनी आम्हां दोघांना सांगितलं. विषय गोड आहे. पण सुरुवात मात्र गोंगाटापासून करावी लागेल, कारण त्या गोंगाटात आपण सगळेच होतो.

आपल्यापैकी बहुतेकांची घरं 1956 च्या आधीपासून इथली. तेव्हा किनवट आणि राजुरा तालुके तिकडे गेले, आपण इकडेच राहिलो. आदिलाबादहून गुडिहत्नूर, इचोडा करत नेरडीगोंडा आणि तिथून आत कुंतालाचा धबधबा, ही वाट आपल्याला पाठ आहे. कडम नदी तिथे सुमारे 45 मीटर खाली कोसळते. शकुंतलेवरून हे नाव पडलं, असं सांगतात. महाशिवरात्रीला सोमेश्वराच्या दर्शनाला आपले आजी-आजोबा बैलगाडीने जायचे. आपण गाडीने जातो, डबे उघडतो, फोटो काढतो आणि चारच्या आत परततो.

दोन वर्षांपूर्वीची सहल आठवा. स्पीकर आम्हीच नेला होता, हे कबूल करतो. गाणी रंगात आली असताना आपल्यातलाच आठवीतला एक मुलगा शेवाळावरून घसरून खालच्या डोहात गेला. त्याने हाका मारल्या. आम्ही वीस-पंचवीस पावलांवर होतो, पण कुणालाच त्या ऐकू आल्या नाहीत. पलीकडच्या काठावर मासे धरणाऱ्या गोंड माणसाने उडी मारून त्याला बाहेर काढलं. मुलगा वाचला. त्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं, आणि काही न बोलता आपलं जाळं गोळा करायला गेला. ती नजर अजून आठवते. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. ती शांतताही आम्हांला ठाऊक आहे. तिच्यात सुख नव्हतं.

गेल्या कार्तिकात स्पीकर नेला नाही आणि त्याच दिवशी परतलोही नाही. नेरडीगोंड्याजवळ जंगलाला लागून एका सभासदांचं शेत आहे. आंबोळी खरेदी केलेले नवेकोरे तंबू होते खरे, पण ते उभे करता करता अंधार पडला, आणि शेवटी निम्मे लोक कडब्यावर सतरंज्या टाकूनच झोपले. भाकरी, भरीत आणि ठेचा. जेवणं झाल्यावर पुन्हा एक कंदील, दोन टॉर्च आणि सगळ्यांचे मोबाइल लागले.

रानडुकरांसाठी माचावर जागल करणारा सालदार खाली आला. म्हणाला, "दिवे बंद करा साहेब. उजेडात तुम्हाले फक्त तुम्हीच दिसता."

बंद केले. पहिली दहा मिनिटं भीतीच वाटली, हे लपवत नाही. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून या बाजूला येतात. 2019 साली तिथून निघालेला पट्टा लावलेला वाघ तर तेलंगणात फिरून पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. म्हणजे हा रस्ता त्यांचाही आहे. मग हळूहळू सागाची सुकी पानं पडतानाचा आवाज वेगळा कळू लागला. रातवा बोलू लागला. ओढ्याचं पाणी दिवसभर तिथेच होतं, पण आम्हांला ऐकू आलं ते रात्री. मधे कधीतरी त्याच मुलाने अगदी हळू विचारलं, "आई, जागी आहेस?" तर पाच-सहा जणींनी एकदम "हो" म्हटलं. तो हसला. घटनेनंतर तो पाण्याच्या आवाजाने दचकत असे. त्या रात्री ओढ्याकडे कूस करून झोपला. सकाळी धबधब्यावर मात्र तो वरच थांबला. आम्हीही आग्रह केला नाही.

रानात मुक्काम करणं आपल्याला नवीन वाटतं, पण आपल्या जिल्ह्यात ते आधीपासून आहे. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेश्राम कुळातली माणसं अनवाणी चालत गोदावरीचं पाणी आणतात आणि पौष अमावास्येच्या पूजेआधी वडांच्या झाडांखाली उतरतात. आपल्याकडे आवळीभोजन होतं. आजीच्या वेळी आवळ्याखाली पंगत बसायची. आता आपण आवळ्याची फांदी गच्चीवर आणून उरकतो.

सालदाराला पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. पुढच्या वेळी पत्रावळी आणा, प्लास्टिकच्या ताटल्या बैल खातात, एवढंच म्हणाला. आम्ही निघताना शेतभर फिरून ताटल्या वेचल्या. त्रेसष्ट निघाल्या, आणि आम्ही होतो एकोणीस.

यंदाही कार्तिकातच जायचं आहे. जागा वीस माणसांचीच आहे, तेव्हा नावं अनंत चतुर्दशीपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत. पांघरूण जाड आणा. पहाटे गारठा असतो.