देवाची इच्छा कळायला पाच वर्षं लागली तर?

नाशिकहून बोलतोय.

गेल्या एपिसोडनंतर व्हॉट्सॲपवर बरेच मेसेज आले आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता. "दादा, ही नोकरी घ्यावी ही देवाची इच्छा आहे का, हे कळणार कसं?" नोकरीच्या जागी कुणी लग्न घालतं, कुणी कॅनडा.

आपण काय करतो ते मला माहीत आहे. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, जे वचन येईल तो निकाल. नाहीतर ॲपवर सकाळी आलेलं 'आजचं वचन'. मी कोडिंग करतो म्हणून सांगतो, ते वचन बहुतेक वेळा आधीच शेड्यूल केलेलं असतं. तुमच्या ऑफर लेटरचा त्याला पत्ताही नसतो. देव त्यातूनही बोलू शकतो, नाही म्हणत नाही. पण कुणी गिदोनाच्या लोकरीचा दाखला दिला की मी त्यांना शास्ते 6 परत वाचायला सांगतो. काय करायचं हे देवाने गिदोनाला लोकरीच्या आधीच सांगितलं होतं. त्याला माहिती नको होती, धीर हवा होता.

आणि प्रेषितांची कृत्ये 16 बघा. दृष्टान्त झाला तो एकट्या पौलाला, पण मासेदोनियाला जायचं ठरलं तिथे शब्द येतो 'आम्ही'. अर्थ सगळ्यांनी मिळून लावला.

आता आपल्या नाशिकजवळचीच गोष्ट. लक्ष्मीबाई टिळक मूळच्या जलालपूरच्या, गोदाकाठच्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत राहिले, प्रश्न विचारत राहिले आणि फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना वाट दिसली होती. लक्ष्मीबाईंना नव्हती. त्या काळची बाई, नवरा म्हणाला म्हणून मागे गेली असती तर कुणी नवल केलं नसतं. त्या गेल्या नाहीत. आधी दूर राहिल्या, नंतर नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळं पाळलं, चूल वेगळी ठेवली. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवला. आकाशवाणी वगैरे काही नाही. पटलं तेव्हा आधी शिवाशीव सोडली, मग 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर वाचाच. इतकं हसवणारी साक्ष मी दुसरी वाचलेली नाही!

मला यात धरून ठेवावंसं वाटतं ते हे, की नवऱ्याला मिळालेलं मार्गदर्शन त्यांनी उसनं घेतलं नाही.

हे आत्ता का बोलतोय? बंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आहे, पगार जवळपास दुप्पट. आईचं डायलिसिस इथे चालतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि तिला नेणारा मी. आई म्हणते, "मी प्रार्थना केली, मला शांती आहे, तू जा." तिची शांती खरी आहे, मला शंका नाही. पण ती तिची आहे. शिवाय आई कधी मुलाला "थांब" म्हणते का?

म्हणून मागच्या रविवारी उपासनेनंतर ताई, मी आणि आमचे पाळकसाहेब बसलो. आधी प्रार्थना, मग कागद. पाळकसाहेबांनी दोनच ओळी लिहिल्या, मंगळवार आणि शुक्रवार, आणि म्हणाले, "समोर माणसाचं नाव लिहा. 'देव बघेल' असं लिहायचं नाही." मला आधी ते जरा कोरडं वाटलं, खरं सांगतो. आता वाटतं, दोन आठवड्यांच्या उपासापेक्षा त्या कागदाने मला जास्त प्रार्थना करायला लावली.

मंगळवारसमोर मावसभावाने स्वतःहून नाव लिहिलंय. शुक्रवार अजून रिकामा आहे. कंपनीला 30 तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

प्रार्थनेत आठवण ठेवा, आईचीही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.