सेनापति पार्मेनिओन

शिकंदराच्या लढाया शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतात. परंतु त्याच्या वृद्ध सेनापतीचें नांव क्वचितच घेतलें जातें. तें नांव पार्मेनिओन.

हा मूळ शिकंदराचा पिता, मॅसिडोनियाचा राजा फिलिप, याचा सेनापति. अथेन्सच्या लोकांना दरसाल दहा सेनापति सांपडतात, मला मात्र इतक्या वर्षांत एकच सांपडला, असें फिलिप म्हणत असे, अशी आख्यायिका प्लूटार्कनें नमूद केली आहे. इ. स. पूर्वी ३५६ मध्यें पार्मेनिओननें इलिरियन लोकांचा मोड केला. त्याच सुमारास शिकंदराचा जन्म झाला.

पुढें शिकंदर राजा झाला. ग्रानिकस, इसस व गौगामेला या तिन्ही लढायांत तो उजव्या बगलेवरून घोडदळासह शत्रूवर तुटून पडला. डाव्या बगलेची जबाबदारी पार्मेनिओनवर होती. ती बाजू ढासळती, तर उजवीकडील पराक्रम व्यर्थ गेला असता.

या मोहिमेंत त्याचे दोन पुत्र गेले. हेक्टर नाईल नदींत बुडाला व निकानोर आजारानें वारला. उरला फिलोटस. इ. स. पूर्वी ३३० मध्यें, राजाच्या खुनाचा कट कानीं येऊनहि त्यानें तो कळविला नाहीं, या आरोपावरून त्यास सैन्यासमोर उभें करून देहान्त शासन देण्यांत आलें.

सत्तर वर्षांचा पार्मेनिओन त्या वेळीं दूर एकबाताना येथें होता. इराणचा जिंकलेला खजिना व मोठें सैन्य राजानें विश्वासानें त्याच्या हवालीं केलें होतें. आतां तोच विश्वास राजाला भिववूं लागला. पुत्रवधाची वार्ता पोहोंचण्यापूर्वींच म्हाताऱ्याचा निकाल लावण्याचें ठरलें. त्याचाच मित्र पोलिदामस सांडणीवरून वाळवंट तुडवीत अकराव्या दिवशीं तेथें पोहोंचला. फिलोटसच्या नांवाचें बनावट पत्र पिता आनंदानें वाचीत असतां त्याच्याच हाताखालील सरदारांनीं त्याला भोसकलें, असें रोमन इतिहासकार कुर्टिअस सांगतो.

पुत्राला निदान आपली बाजू मांडतां आली. पित्याला तेवढेंहि मिळालें नाहीं. त्याचा अपराध कोणी सिद्ध केला नाहीं, त्याला कोणी विचारलेंहि नाहीं. शिपाई मात्र खवळले व त्यांनीं प्रेत मागितलें. शिर राजाकडे रवाना झालें, धड त्यांना पुरावयास मिळालें. राजदरबारांतील दीर्घ सेवेचा हिशेब असा चुकता झाला.