वाकलेली पाठ आणि मणक्याचा अस्थिभंग



घरातील आजींची उंची घटू लागते, पाठीला पोक येते आणि ‘वय झाले’ एवढे म्हणून कुटुंब मोकळे होते. वस्तुतः तो पुष्कळदा मणक्याचा अस्थिभंग असतो. ऑस्टिओपोरोसिसने पोकळ झालेला मणका वाकून बादली उचलताना, क्वचित नुसत्या शिंकेनेही, पुढील बाजूने दबून पाचरीसारखा होतो. असे सुमारे दोन-तृतीयांश अस्थिभंग कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. कंबर दुखली, मलम चोळले, विषय संपला!

दुर्लक्ष महाग पडते. मणका नुकताच मोडलेल्या पाच वृद्ध स्त्रियांपैकी सुमारे एकीचा दुसरा मणका वर्षभरातच मोडतो. पुरुषही यातून सुटलेले नाहीत.

कापडाच्या इंचाइंचाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी घरातील ज्येष्ठांची उंचीही दरवर्षी मोजावी. तारुण्यातील उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर वा अधिक घट आढळल्यास मणक्याचा एक्स-रे काढून घ्यावा. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आल्यास ऑस्टिओपोरोसिस समजतात. तथापि किरकोळ कारणाने मणका मोडला असेल, तर त्या आकड्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत. झोलेड्रोनिक ॲसिडसारखे औषध वर्षातून एकदाच शिरेवाटे देतात. मूत्रपिंडाची तपासणी मात्र त्याआधी आवश्यक असते. केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबून हे काम होत नाही.