घड्याळातली पावलं आणि जेवणानंतरची शतपावली

आज मनगटावरच्या घड्याळाबद्दल बोलू या. वेळ दाखवणाऱ्या नव्हे, पावलं मोजणाऱ्या.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. ९,४०० पावलं झालीत आणि घरातला एक शहाणा माणूस स्वयंपाकघरातल्या ओट्याभोवती प्रदक्षिणा घालतोय. तुमच्याकडेही असेल असा कुणी. आमच्याकडचा तो शहाणा मीच. दोन वर्षं दहा हजारांचा आकडा मी क्वचितच चुकवला. मग वार्षिक तपासणीत एचबीए१सी आलं ५.९. म्हणजे ५.७ ते ६.४ या पट्ट्यात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन म्हणाल तर बेताचंच. मी डॉक्टरांना कौतुकाने घड्याळ दाखवायला गेलो, त्यांनी कमरेभोवती टेप लावली.

हा दहा हजारांचा आकडा मुळात कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. जाहिरातीला आकडा छान होता, तो जगभर चिकटला. पुढे २०१९मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तेव्हा घरात आजी असतील आणि त्यांची चार-साडेचार हजार होत असतील, तर त्यांना लाजवू नका.

आता आपल्या हाडामांसाची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ठेवण अशी आहे. म्हणूनच इथे अमेरिकेत आशियाई वंशाच्या माणसाची मधुमेहाची तपासणी बीएमआय २५ नव्हे, २३ पासूनच करावी असं सांगतात. दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकारावर इथे २०१०पासून एक मोठा अभ्यास चाललाय. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की होतं ‘मसाला’. खरंच! त्यातही आपल्यात मधुमेहाचं प्रमाण इतर गटांपेक्षा जास्त आढळलं.

आणि ही चरबी, ही साखर, कोलेस्टेरॉल, यातलं काहीच पावलांच्या आकड्यात उतरत नाही. त्यासाठी रक्ततपासणी लागते आणि शिंप्याची टेप लागते. आपल्यासाठी कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत असावी.

मग घड्याळ काढून ठेवायचं का? मी नाही काढलं. पण आता रोज बघत नाही, रविवारी सकाळी चहा घेताना बघतो. पहिली बघतो ती विश्रांतीतली नाडी, रेस्टिंग हार्ट रेट. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, आपलीच मागच्या तीन महिन्यांशी. नियमित दमछाक होईल इतकं चाललं की ती हळूहळू उतरते. ताप, अपुरी झोप, आदल्या रात्रीची वाइन, यांनी चढते. आई-बाबा इथे सहा महिन्यांसाठी आले असतील आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असतील, तर त्यांची नाडी गोळीमुळेच कमी असते. ते आपल्यापेक्षा ‘फिट’ आहेत असा निष्कर्ष काढू नका.

दुसरं, आठवड्यात भरभर चालण्याची मिनिटं. १५० हवीत. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग.

कॅलरीचा आकडा मात्र सोडून द्या. स्टॅनफर्डने २०१७मध्ये सात घड्याळं तपासली. बहुतेकांनी नाडी ठीक मोजली, पण कॅलरीत सर्वांत बरं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. तेव्हा त्या भरवशावर दुसरा मोदक नको. पावलांचंही तसंच. आरतीला टाळ्या वाजवताना ती वाढतात आणि दुकानात ढकलगाडी धरून तासभर हिंडलं तरी वाढत नाहीत, कारण हात हलत नाही. उठाबशा, सूर्यनमस्कार यांना तर पावलांत किंमतच नाही. पण आपल्यासारख्या कमी स्नायूंच्या लोकांना आठवड्यातून दोनदा तेच लागतं.

मी बदललं ते एवढंच. चालण्याची वेळ. आपले आजोबा जेवणानंतर शतपावली घालायचे, आठवतंय? २०१३मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या, साखर वाढायला लागलेल्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं हे दिवसभराच्या साखरेसाठी सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच उपयोगी पडलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानेच जास्त उतरली. दहाच माणसं होती, हे खरं. पण आपण दिवसभर मीटिंगमध्ये बसणार, साडेआठला वरण-भात जेवणार आणि लगेच सोफ्यावर. मला पटलं. शंभर पावलं मात्र पुरत नाहीत, पंधरा मिनिटं धरा. पुढच्या तपासणीत माझं एचबीए१सी ५.६ आलं. भातही कमी केला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. छातीत दडपण आलं, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर घड्याळाकडे बघू नका. त्यातला ईसीजी ठोक्यांची एक प्रकारची अनियमितता हेरू शकतो, हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. ‘नॉर्मल’ दाखवलं म्हणून थांबू नका, अ‍ॅसिडिटी असेल म्हणून जेलुसिल शोधू नका. ९११ लावा. आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

संध्याकाळी डब्ल्यूओडीच्या वाटेवर आम्ही तिघं-चौघं असतो. जुन्या रेल्वेमार्गावरची ही वाट ४५ मैलांची आहे; आम्ही पंधरा मिनिटांत परत फिरतो. बाजूला डेटा सेंटरच्या भिंती, आत कुणाकुणाची पावलं साठवलेली असतील कोण जाणे. थंडीत आमच्या बेसमेंटमध्ये फेऱ्या चालू असतात. जेवून या.