काचबिंदूचे थेंब आणि डोळ्याची काच



मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात. स्वभाव मात्र अगदी निराळे. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून नवे बसवता येते. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढून, मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस झिजते. झिजलेली नस परत येत नाही. म्हणून दाब आटोक्यात ठेवायचा, आणि त्यासाठी पुष्कळांना जन्मभर रोज थेंब घालावे लागतात.

हे औषध आत शिरते ते मुख्यतः डोळ्याच्या दर्शनी काचेतून, म्हणजे पारपटलातून. नेत्रदानानंतर दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवतात ते हेच पटल. त्याची मध्यभागची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, आणि तो थर सुकू नये म्हणून वर तेलाचा तवंग.

आता बाटलीत काय असते ते पाहू. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून पुष्कळ थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. हे द्रव्य साबणाच्या गुणाचे. ते जंतूंचे आवरण फोडते, तसाच अश्रूंवरचा तवंगही मोडते आणि पारपटलाच्या वरच्या पेशींना इजा करते. एका थेंबाने काही बिघडत नाही. पण दोन-तीन औषधे, रोज, दहा वर्षे, असा हिशेब मांडून पाहा! मग डोळा चुरचुरतो, वाळू गेल्यासारखे टोचते, वाचताना अक्षरे धूसर होतात. शिवाय १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लॅटानोप्रोस्टच्या वर्गातील औषधांनी पटल किंचित पातळ होऊ शकते. पातळ पटलावर दाब खऱ्याहून थोडा कमी मोजला जातो.

खरा धोका यापुढे आहे. काचबिंदू बहुधा दुखत नाही. झोंबतात ते थेंब. मग माणूस कोणाला न सांगता थेंब सोडतो, डोळा शांत होतो, आणि त्याला वाटते, बरे झाले. आत नस झिजतच असते. पारपटलाच्या वरच्या पेशी सात ते दहा दिवसांत नव्या येतात. नसेचा एकही तंतू नव्याने येत नाही. तेव्हा कशासाठी काय सोसायचे, हे उघड आहे.

पण मुकाट्याने सोसा, असेही मी म्हणत नाही. जळजळ डॉक्टरांना सांगा. त्या द्रव्याविना मिळणारे थेंब आहेत. दोन औषधे एकाच बाटलीत मिळतात. काहींना लेझरचा उपयोग होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रोग्यांना तीन वर्षांनीही थेंबांवाचून दाब आटोक्यात ठेवता आला.

आणि घरी एवढे पाळा: एका वेळी एकच थेंब, जास्तीचा गालावर ओघळतो. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा. बाटली बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून बदला. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.