चमचाभर चव, मूठभर शेव



आज बोलायचंय ते ताटाबाहेरच्या खाण्याबद्दल. कॅलरी मोजणारी माणसं ताट अगदी चोख मोजतात. दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी. सगळं मोबाइलमध्ये नोंदलं जातं. पण कोशिंबिरीत घालताना तोंडात टाकलेला दाण्याचा कूट, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, जाता-येता डब्यातून घेतलेली शेव, यांची नोंद कुठेच नसते. महिना जातो, काटा हलत नाही. घरचे म्हणतात, चोरून खात असशील. तिला वाटतं, आपल्या शरीरातच काहीतरी बिघाड आहे.

अशाच तक्रारीच्या 10 जणांचा अभ्यास 1992 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. दिवसाला 1200 पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मोजलं तर शरीराचा खर्च ठीकठाक निघाला. खाणं मात्र त्यांनी सांगितलं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. सरासरी 47 टक्के नोंदीत आलंच नव्हतं. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. ताटात न वाढलेलं जेवण आपल्याला जेवण वाटतच नाही.

आता, सगळंच तोंडात टाकलेलं सारखं नसतं, आणि इथेच बहुतेक सल्ले चुकतात. स्वयंपाक करताना चव बघू नका म्हणतात. अहो, चव न बघता आमटी करायची कशी? चमचाभर पातळ आमटीत पाणीच जास्त. जेमतेम 4-5 कॅलरी. सहा वेळा चाखलीत तरी 30. ती खुशाल सोडून द्या.

कोरडं आणि तेलकट, तिथे लक्ष द्या. चरबीच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, पिठा-साखरेच्या ग्रॅममध्ये 4. म्हणून 20 ग्रॅम शेव, म्हणजे लहानशी मूठ, 110 च्या आसपास जाते. 25 ग्रॅम भाजलेले दाणे 145 च्या घरात. त्यात तूप लावलेली अर्धी पोळी धरा, 60-70. झाले सव्वातीनशे! वजन उतरवण्यासाठी दिवसाला 400 कॅलरी कमी खायच्या ठरवल्या असतील, तर त्यातल्या बहुतेक इथेच परत आल्या. (पाकिटावर 'किलोकॅलरी' लिहिलेलं असतं, घाबरू नका, बोलताना आपण त्यालाच कॅलरी म्हणतो.)

प्रत्येक दाणा लिहीत बसायला कुणाला वेळ आहे? त्यापेक्षा ओट्यावर एक रिकामी डबी ठेवा. जे कोरडं तोंडात टाकाल, तेवढंच अंदाजाने त्या डबीत टाका. चिवडा, खोबरं, गूळ, बिस्किटाचा तुकडा, सगळं एकत्र. रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. असं मिश्रण 100 ग्रॅमला ढोबळमानाने 500 कॅलरी धरलं तर चालेल. तीनच दिवस करा आणि त्या दिवसांत मुद्दाम कमी खाऊ नका, नाहीतर मोजण्यात अर्थ नाही.

डबीसोबत वेळही लिहा. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास ती भरत असेल, तर दोष बहुधा जिभेचा नाही. दुपारचं जेवण अपुरं पडतंय. तिथे दुपारी एक वाटी उसळ वाढवा. आणि मुलाचं उष्टं टाकवत नसेल, तर त्याला आधी अर्धीच पोळी वाढा, लागली तर तो मागेल.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर उतरल्यावर खाल्लेला गूळ किंवा साखर या हिशोबात कधीही कापू नये. ते औषध आहे. आणि आकड्यांनी ज्यांची झोप उडते, घास गिळताना भीती वाटते, त्यांनी ही डबी ठेवूच नये, डॉक्टरांशी बोलावं.

बाकीच्यांनी उद्या सकाळच्या चहापासून सुरुवात करा. चहासोबतचं बिस्किटही डबीतच.