आपला वाटा



संकटात देवावर भरवसा ठेवावा, हे सांगायला वक्ता लागत नाही. घरोघरची आजी ते सांगते. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. भरवसा ठेवला म्हणजे त्या माणसाने सकाळी उठून नेमके केले काय? तेवढ्यासाठीच आज आम्ही देहूच्या एका दुकानदाराकडे जाणार आहोत.

तुकोबांना दुकानदार म्हटले म्हणून कोणी रागावू नये. घर खाऊनपिऊन सुखी. दुकान, शेती, महाजनकी आणि सावकारी. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले, आईवडील निवर्तले, आणि कोवळ्या वयात सारा प्रपंच तुकोबांच्या खांद्यावर आला. त्यातच १६३० साली पाऊस फिरकलाच नाही. दख्खन आणि गुजरात उजाड करणारा तो दुष्काळ १६३२पर्यंत पुरला. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, भाकरीपायी लोक जीव विकायला निघाले, पण घेणारा कोणी नव्हता. त्याच सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला.

आपल्यावर काय गुजरले ते तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे. द्रव्य आटले, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, धंद्यात तूट आली, तोंड दाखवायची लाज वाटू लागली. आणि लगेच पुढे येते ते देवळाचे. देवाचे देऊळ भंगले होते, ते नीट करावेसे वाटले.

या जागी आम्ही नेहमी थबकतो. ज्याचे घर कोसळले, तो देवळाच्या भिंती लिंपायला निघतो! व्यवहारी माणूस याला वेड म्हणेल. पण पाहा, तो देवाकडे धान्य मागत नाही, पाऊस मागत नाही. हाताला काम शोधतो. मग एकादशीला कीर्तन करू लागतो, तेही पुढे उभा राहून नव्हे. संतांची काही वचने पाठ करतो आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरतो. यात चमत्कार कुठे आहे? आम्हांला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट खतांची. ती महिपतींनी शंभरावर वर्षांनी लिहिली, म्हणून परंपरेची गोष्ट म्हणूनच ती घ्यावी. कुळांकडून येणे असलेल्या रकमांची खते तुकोबा इंद्रायणीत बुडवायला निघाले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, आम्हांला संसार आहे. तुकोबांनी काय करावे? त्यांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी खते भावाला दिली आणि आपली तेवढी बुडवली. आपल्या पुणे जिल्ह्यातच पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कुळांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. त्यांचा संताप खोटा नव्हता. पण सावकाराने आपल्या हाताने आपलीच खते बुडवावीत, हे क्वचित घडते.

या गोष्टीत लोकांना नदी आठवते. आम्हांला ती वाटणी अधिक मोठी वाटते. भावाच्या पोराबाळांचा घास काढून घेऊन देवावर भरवसा ठेवणे सोपे होते. धर्माच्या नावाने अशी उदारी करणारे आपण रोज पाहतो.

आता जिजाईंविषयी. कीर्तनकार त्यांना कजाग ठरवून हशा मिळवतात. ते आम्हांला रुचत नाही. नवऱ्याने आपला वाटा बुडवला, पण त्या वाट्यात चूल जिजाईंचीही होती, आणि ती चूल त्यांनाच पेटवायची होती. त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. तुकोबांच्या वाटणीत एवढा हिशेब राहून गेला, असे म्हटल्याने त्यांचे थोरपण कमी होत नाही.

तुकोबांच्याच दुसऱ्या एका अभंगात, दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले तेही बरे झाले, असा भाव आहे. हा अभंग फार जपून वापरावा. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला, 'हे तुझ्या बऱ्यासाठीच आहे' असे सावलीत बसून सांगणाऱ्याला तो म्हणण्याचा अधिकार नाही. तुकोबा 'बरे झाले' म्हणाले ते स्वतःच्या दुःखाला. गावच्या भुकेला ते तसे म्हणाले नाहीत. गावातल्या देणेकऱ्यांची तर त्यांनी खते बुडवली.

आणि कान्होबा? आपली अर्धी खते राखून ठेवणारा हा भाऊ तुकोबांना कधी दुरावला नाही. १६५० साली तुकोबा गेले, तेव्हा त्याने केलेले शोकाचे अभंग आज तुकोबांच्या गाथेतच छापलेले असतात. त्यांत तो भावासाठी रडतो आणि विठ्ठलाशी कडाकडा भांडतो.